टेबलाखालचा आवाज

हा आवाज आपला आहे हे आजीला पटेना. जाड, घोगरा, वर चढला की किंचित चिरकणारा. शेजारच्या खोलीत कुणी भांडकुदळ बाई कुणाला तरी झापतेय असं वाटावं. टेबलावर साबणाच्या वडीएवढं ते यंत्र पडलं होतं आणि त्यातून ती बाई सांगत होती, "पोर पडली हो. पोरं पडतात. तुमची नाही का पडत? का भिंतीला खिळा ठोकून टांगून ठेवलीत?" समोर तपासाच्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या. परवा हे वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा आजी स्वतःवरच खूश झाली होती, काय टोला हाणला म्हणून. आज तेच वाक्य या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत सुटलं, कशालाच लागलं नाही, आणि नुसतं जमिनीवर पडून राहिलं. आजीने बोटांची टोकं एकमेकांवर घासली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टोकाशी काही कळत नाही. जन्मभर सुई दाबून दाबून ते मेलंय. आज शेजारच्या बोटांनाही कळत नव्हतं.

"माझा आवाज असा आहे?" आजीने विचारलं.

बाईंनी यंत्र थांबवलं. "सगळ्यांनाच तसं वाटतं, आजी. मी माझा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, शेळी बोलतेय."

"ते बरोबरच वाटलं तुम्हाला."

बाई हसल्या. मनापासून हसल्या, आणि आजीला जरा बरं वाटलं, म्हणजे वाटायला हवं होतं तितकं नाही, पण वाटलं. बाई तिच्या सुनेच्याच वयाच्या. बुटाची एक नाडी सुटलेली, कोटाच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबकळत होतं. आजीचं लक्ष मघापासून त्या बटणावर होतं. अशी लोंबती बटणं तिला बघवत नाहीत. माणूस कितीही शिकलेला असो, बटण लोंबलं की तो आजीच्या मनातून दोन पायऱ्या उतरतो.

यंत्र लावायचा नियम नवाच होता. घरात पोराला मारहाण झाली, हेळसांड झाली असा कुणाला संशय आला, की घरातल्या प्रत्येकाशी जे बोलणं होईल ते यंत्रात भरायचं. मग ज्याचं बोलणं त्याला बोलावून एकदा सगळं ऐकवायचं, आणि काही राहिलं असलं, चुकलं असलं, तर यंत्र पुन्हा चालू करून त्यालाच बोलू द्यायचं. आजीला हा नियम फार आवडला होता. याच्या आधी एक चष्मेवाला साहेब आला होता, नातीच्या, गोटीच्या हाताला नुकतंच प्लास्टर घातलेलं तेव्हा. आजी त्याच्यापुढे तासभर बोलली आणि त्याने एवढंच लिहिलं, की घरातल्या वृद्ध महिलेचे लक्ष नसते. लक्ष नसते! जिने एका कात्रीवर घर उभं केलं, रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याच्या वर, राहत्या घरातच कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं, चालवलं, जिच्या नजरेतून एक टाका सुटत नाही, तिचं लक्ष नसते. त्या दिवशी तिने साहेबाला जिन्यापर्यंत सोडत बोलून घेतलं होतं. आणि परवा या बाई यंत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा आजी म्हणाली, "लावा, लावा. माझं तोंड माझंच राहू दे. तुमच्या पेनातून गेलं की त्याचं भलतंच होतं."

तेव्हा एकच गोष्ट अडली. बाई म्हणाल्या, बोलणं एकट्याशीच करायचं असतं, मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवा. गोटी कापायच्या टेबलाखाली बसली होती. ती तिथेच बसते. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि टेबलाखाली शिरते. तिथे बटणांचा डबा असतो. जुन्या कोटांची, पडलेली, उरलेली, एकाशी एक न जुळणारी बटणं. डब्याचं झाकण उलटं ठेवायचं आणि एकेक बटण निवडून त्यात टाकायचं, धातूची एकीकडे, हाडाची एकीकडे, प्लास्टिकची एकीकडे. सगळी निवडून झाली की पुन्हा डब्यात ओतायची आणि पहिल्यापासून सुरू. आजी म्हणते, या पोरीला लग्नाला नवरा नको, बटणं द्या. तर आजीने सांगून टाकलं, "ती कुठे जायची नाही. ती काही ऐकत नाही, तिचं तिचं चालू असतं. तुम्हाला एकटंच बोलायचं असेल तर तुम्ही जिन्यात जाऊन बसा." बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, कापडाच्या तुकड्यांत, आजीच्या कोपराजवळ. आजीपुढे माणसं अशीच घुटमळतात आणि मग तिचंच ऐकतात. त्याचा तिला कधी गर्व झाला नाही. ज्याचं बरोबर त्याचं ऐकायचं, यात गर्व कसला.

"लावू पुढे?" बाईंनी विचारलं.

"लावा की. मी काय पळून चाललेय?"

यंत्रातली बाई पुन्हा सुरू झाली. सुनेविषयी बोलत होती. सून गेली, म्हणजे माणूस जिवंत आहे, दुसऱ्या गावी नोकरी करतं, फक्त घर सोडून गेलं. तिला काही झेपायचं नाही हो, यंत्रातली बाई म्हणत होती, आवाज चढला की रडू, वारा आला की सर्दी. आजी ऐकत राहिली. हे सगळं तिने दुकानात गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला इस्त्री केल्यासारखी घडी पडली होती. सून गेली तो दिवस तिला आठवला. दुपार होती. सून दारात बॅग घेऊन उभी, एक पाय बाहेर. म्हणाली, "आई, तुमचा मुलगा..." आणि आजीने तिला पुढे जाऊच दिलं नाही. माझा मुलगा काय? माझा मुलगा राबतो, पीत नाही, पत्ते खेळत नाही, तुझ्या बापाच्या आजारपणात कोण धावलं? सून ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बोलायला लागलात की मला पुढचं सुचतच नाही," आणि गोटीचा हात धरला. आजीने गोटीचा दुसरा हात धरला. पोर या घरची आहे, ती कुठे जाणार नाही. सुनेनेच हात सोडला. त्या संध्याकाळी आजीने दुकानात ते सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्या हसल्या होत्या, पुढचं सुचतच नाही म्हणे. आज आजीला वाटलं, ते पुढचं काय होतं? वाटलं आणि गेलं. काही हललं नाही आत. नुसतं पाण्यात बोट घालून काढल्यासारखं.

यंत्रात बाईंचा आवाज आला, "हात मोडला त्या संध्याकाळी तुम्ही कुठे..."

"मी मशीनवर. कुठे असणार? पार्टी करायला नव्हते गेले."

"आणि मुलगी पडली ते तुम्ही..."

"पाहिलं ना! पाहिलं म्हणजे काय, या डोळ्यांनी पाहिलं. वरून तिसरी पायरी. चपलेचा पट्टा तुटका, मी सकाळीच म्हटलं होतं घालू नकोस. पाय मुरगळला आणि अशी, अशी कोलमडत गेली हातावर."

आजीच्या लक्षात आलं, की बाईंचा एकही प्रश्न पुरा झालेला नाही. प्रत्येक प्रश्नाचं शेपूट तिने तोडलं होतं. आणि दुसरं लक्षात आलं ते इतक्या सावकाश आलं की जणू दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येतंय. तिने पाहिलं नव्हतं. ती मशीनवर होती. मशीन चालू असलं की घरात बॉम्ब पडला तरी कळत नाही. तिने जाड कापडाची लांब शिवण घेतली होती, पाय थांबवला, मान वर केली, तर दारात मुलगा उभा, गोटीला उचलून घेतलेला. "आई, पडली ही जिन्यावरून." गोटीचा हात लोंबत होता. कोपराच्या खाली, जिथे वाकायला नको तिथे. आणि गोटी रडत नव्हती. पायाला काटा टोचला तर गल्ली डोक्यावर घेणारी पोर, डोळे उघडे ठेवून बापाच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. आजी ओरडली होती, "आंधळी आहेस का गं? बघून चालता येत नाही?" पुढे इस्पितळात डॉक्टरने विचारलं तेव्हा मुलगा काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, जिन्यावरून. कितव्या पायरीवरून? तिसऱ्या. मग शेजारणींना सांगितलं, दुकानात सांगितलं, प्रत्येक वेळी जरा नीट सांगितलं; एकदा चप्पल घातली, एकदा तिचा पट्टा तोडला, आणि सांगता सांगता तिला दिसायला लागलं. परवापर्यंत तर अगदी दिसत होतं. आता ते चित्र होतं तसंच समोर होतं, फक्त त्यात स्वतः कुठे उभी होती ते तिला सापडत नव्हतं.

डॉक्टरने हाडाचा फोटो बघून कळवलं होतं म्हणून तर हे सगळं सुरू झालं. पडून हाड असं तुटत नाही, पिळल्याने तुटतं, असं त्याचं म्हणणं. आजीने परवा त्याचाही समाचार घेतला होता. यंत्रातली बाई आता तेच करत होती: डॉक्टरला काय कळतंय, काल मिसरूड फुटलेला पोरगा. पण आजीचं तिच्या बोलण्यावरून लक्ष उडालं होतं. ती दम खायला थांबली, की मागे काहीतरी वाजत होतं. टक्. मग जरा थांबून, टक्. टक्. खूप जवळून, जणू यंत्राच्या पोटातच.

बाईंचंही लक्ष गेलं. "हा मागे आवाज येतोय त्याबद्दल सॉरी हं. लाकडावर ठेवलं होतं ना यंत्र, काहीतरी ठोकल्यासारखं आलंय सगळीकडे. पण बोलणं स्पष्ट आहे."

"बटणं आहेत," आजी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चालू द्या."

टक्. हे हाडाचं, आवाज बोथट. टक्. हे धातूचं. गोटी डाव्या हाताने टाकत होती, उजवा प्लास्टरमध्ये, म्हणून दोन बटणांमध्ये जास्त वेळ जात होता. आजीला हसू आल्यासारखं झालं. मशीनच्या आवाजात हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. इतकी वर्षं पोर पायाशी बसते आणि तिचा आवाज आज या परक्या खोलीत पहिल्यांदा कानावर पडतोय. टक्. टक्. यंत्रातली बाई आता बाईंना चहा घेता का विचारत होती, बाई नको म्हणत होत्या, बटणं पडत होती. मग लांब कुठेतरी दार वाजलं, जिन्याशी, आणि बटणं थांबली. त्यानंतर पावलं आली. आणि मग मुलाचा आवाज, मोकळा, हसरा, सगळ्यांना आवडतो तो: "अरे वा, पाहुणे! आई, बाईंना चहा दिलास की नुसती खरडपट्टी काढतेयस? बसा हो बसा. मी हात धुऊन येतो, तेलाचे आहेत." मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचे हात नेहमी तेलाचे असतात. बाईंनी विचारलं, मुलीला बरं वाटतंय का. "ती? ती माझी वाघीण आहे. काय गं?" वाघीण काही बोलली नाही. बटणं नव्हती. मुलगा आत गेला, नळ सुटला, बंद झाला, तो बाहेर आला, जिना उतरून पुन्हा कामावर गेला, खालचं दार वाजलं. आणि त्यानंतरही किती वेळ काही नव्हतं. यंत्रातली बाई त्या सगळ्या पोकळीतून एकटीच बोलत होती. मग, टक्.

दार आधी वाजलं की बटणं आधी थांबली? आजीने ते मनात पुन्हा लावून बघितलं. दार वाजलं, पावलं यायची होती, आणि पोर थांबली होती. दाराचा आवाज कुणाचाही असू शकतो. गिऱ्हाईक दिवसभर येतं जातं. पण पोरीला कळलं होतं.

मुलगा बाहेर बाकावर बसला होता. दाराच्या काचेला कागद लावलेला, त्यामुळे तो दिसत नव्हता, नुसता एक गडद पट्टा दिसत होता, मधूनच हलणारा. गोटी पलीकडच्या खेळण्यांच्या खोलीत. तिच्याशीही बोलणं झालं होतं, त्याच खोलीत, यंत्र लावून. बाईंनी मघाशी सांगितलं होतं, की त्यात काहीच नाही. विचारलं ते सगळं ऐकून घेतलं, बाहुलीचे केस विंचरले, आणि एक शब्द नाही. तेव्हा आता राहिलं होतं ते आजीचं बोलणं. घरात पाहणारं माणूस एकच. आजी म्हणाली बरोबर आहे, की फाईल बंद, आणि गोटी बापाचं बोट धरून घरी. आजी नाही म्हणाली, तर काय होईल ते बाईंनी आधीच नीट सांगितलं होतं, न घाबरवता: मुलगी आईकडे जाईल, मुलाची चौकशी पुढे चालेल. आजीकडे कोण राहील ते बाईंनी सांगितलं नव्हतं, पण तेवढा हिशेब आजीला येत होता. कोपऱ्यावरचं दुकान, कापायचं टेबल, आणि खाली बटणांचा डबा, झाकण लावलेला.

कुणावर गेला याचा हात, असं आजीच्या मनात आलं. नवरा तर गरीब गाय होता. कापड कापतानासुद्धा हळू कापायचा, त्याला दुखेल की काय अशा बेताने. तिने स्वतः मुलावर कधी हात उचलला नाही, हे ती शपथेवर सांगेल. गरजच पडली नाही. ती नुसती बोलायची. हा एवढासा असताना दुधाचं भांडं सांडलं तर ती बोलायची, आणि हा भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, तिचं संपेपर्यंत. हाताच्या मुठी वळलेल्या. तिचं लवकर संपायचं नाही. त्या मुठींचं तिला तेव्हा कौतुक वाटायचं. उलटून बोलत नाही, गुणी आहे.

"संपलं," बाई म्हणाल्या. यंत्र बंद झालं. "तर आजी, हे तुमचं म्हणणं. काही बदलायचंय का? काही वाढवायचंय? नसेल तर तसं सांगा, तेवढं भरून घेते, आणि मग तुम्ही मोकळ्या."

"ते पहिलं लावा परत. जरासंच."

"कुठलं?"

"अगदी सुरुवातीचं. मी येते ते."

बाईंनी मागे नेलं. यंत्र चालू झालं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बटणं, सरसर, एकामागून एक, डाव्या हाताने जमतील तितकी भराभर. टक् टक् टक्. आजी वाट बघत होती. आणि मग यंत्रातली बाई बोलायला लागली, दारातलंच पुन्हा, लावा, लावा, माझं तोंड माझंच राहू दे, आणि बटणं थांबली. बाईंनी काही विचारलं, त्यांच्या हळू आवाजात एक पडलं. टक्. आजी बोलली. नाही. बाई बोलल्या. टक्. खिळा ठोकून टांगलेल्या पोरांचा तो टोला आला, बाई परवा हसल्या होत्या त्याला, यंत्रातही हसल्या, आणि खाली टेबलाशी काहीच नव्हतं. म्हणजे मघाशीही असंच होतं. तेव्हा कान आधी स्वतःच्या आवाजाला, मग मुलाच्या पावलांना लागले होते, म्हणून हे कळलं नव्हतं. चहा विचारताना बटणं पडत होती, कारण तेव्हा ती दमून जरा हळू बोलत होती. एवढंच.

आजीने समोरच्या लोंबणाऱ्या बटणाकडे बघितलं. धागा उसवत आला होता. आत्ता सुई असती तर चार टाक्यांत बसवलं असतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिथेही मधल्या बोटासारखंच झालं होतं. दाबलं तर दाबल्याचं कळत होतं, इतकंच.

"लावा ते," ती म्हणाली. "लाल."

बाईंनी यंत्राचं बटण दाबलं. भरून घेतानाचा लाल ठिपका लागला. आजी बोलायला गेली आणि आवाज चढला, ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, इतकी हळू, की बाईंना यंत्र तिच्याकडे सरकवावं लागलं.

"मी पाहिलं नाही. मी मशीनवर होते. तो घेऊन आला आणि म्हणाला पडली. पायरी, चप्पल, पट्टा, ते माझं. ते सगळं माझ्या पदरचं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शहाणी आहे पोरगी, आजीला वाटलं.

"आणि तो मागचा आवाज, तुम्ही सॉरी म्हणालात तो. ती गोटी आहे. तिने इथे काही सांगितलं नाही म्हणता ना? तिथे सांगितलंय. माझं बोलणं सोडून द्या आणि ते ऐका. तो आला की थांबतं. जिन्याचं दार वाजलं की थांबतं." आजीने श्वास घेतला. पुढचं सुचत नव्हतं. मग सुचलं. "आणि मी बोलले तरी थांबतं. तेही असू दे त्यात. काढू नका."

बाईंनी मान हलवली. मग मान हलवलेली यंत्राला दिसत नाही हे आठवून म्हणाल्या, "नाही काढणार."

"तिच्या आईला कळवा. आणि डबा सांगा न्यायला. कापायच्या टेबलाखाली आहे. बिनडब्याची ती झोपायची नाही."

बाहेर बाक वाजला. काचेवरचा गडद पट्टा मोठा झाला, दाराशी आला, आणि दारावर दोन बोटं वाजली, हलकीच, घरच्यासारखी.

"आई? झालं का गं? केवढं बोलतेस, बाईंना जेवायला तरी जाऊ दे."

बाईंनी आजीकडे बघितलं. पलीकडे खेळण्यांच्या खोलीत काही वाजत होतं की नव्हतं, ते इथे कळत नव्हतं. या आवाजाला आजीने जन्मभर उत्तर दिलं होतं. तो पाळण्यात होता तेव्हापासून, हाक पुरी व्हायच्या आधी. आताही ओठ उघडले. तिने ते मिटले. मांडीवर दोन्ही हात ठेवले, मेलेलं बोट जिवंत बोटांच्या मुठीत धरलं.

"आई?"

टेबलावर लाल ठिपका चालू होता. आजी बोलली नाही.